इंडोनेशियन भाषेतली सरमिसळ : प्रश्न शुद्धतेचा की समतेचा?

मंडळी, आज जकार्ताकडे जाऊ. 2018 साली इंडोनेशियात समाजमाध्यमांवर एका बोलीची भरपूर थट्टा झाली. दक्षिण जकार्ता, म्हणजे ‘जकार्ता सलातान’. त्याचं लघुरूप ‘जाकसेल’. तिथल्या सुखवस्तू तरुणांचं वाक्य इंडोनेशियन, पण मधे मधे ‘विच इज’, ‘लिटरली’, ‘बेसिकली’ पेरलेलं. थट्टा ओसरली, बोली मात्र पॉडकास्टमध्ये मुक्कामाला राहिली.

शुद्धतावादी म्हणतात, भाषा बाटली. हा आक्षेप टिकत नाही. मुळात ‘बहासा’ म्हणजे आपला ‘भाषा’ हाच शब्द. ‘कुर्सी’ अरबी, आपली खुर्ची तिचीच बहीण. ‘जंदेला’, म्हणजे खिडकी, पोर्तुगीज. ‘कांतोर’, म्हणजे कचेरी, डच. जकार्तातला तरुण ‘मी’ला ‘गुए’ आणि ‘तू’ला ‘लु’ म्हणतो, ही सर्वनामंसुद्धा होक्किएन चिनीतून आलेली. ज्याचा ‘मी’च उसना आहे, त्याला शुद्धतेचा पाठ काय देणार?

मग सगळी सरमिसळ सारखीच का? नाही. इथे भेद करायला हवा. ‘डाउनलोड’ला इंडोनेशियन माणूस आपला ‘दि’ हा उपसर्ग लावतो आणि ‘दिडाउनलोड’ म्हणतो, म्हणजे ‘डाउनलोड केलं गेलं’. पाहुणा शब्द घरच्या व्याकरणाच्या शिस्तीत राहिला. ‘विच इज’चं तसं नाही. ‘जो-जी-जे’चं काम करणारा ‘यांग’ हा शब्द त्या भाषेत पावलोपावली येतो. म्हणजे इंग्रजीने कुठली उणीव भरून काढली नाही. बोलणारा कुठल्या शाळेत शिकला, एवढंच ऐकणाऱ्याला कळलं.

आणि खरा पेच इथेच आहे बघा. 28 ऑक्टोबर 1928 रोजी तरुणांनी शपथ घेतली की ऐक्याची भाषा इंडोनेशियन. सर्वांत मोठा समाज जावानीज भाषकांचा. तरी निवड झाली बंदरांतून, बाजारांतून फिरलेल्या मलयची. जावानीजमध्ये समोरच्याची पायरी पाहून शब्दच्या शब्द बदलतात. मलयमध्ये ती उतरंड तितकी कडक नाही. शिवाय बहुतेकांची ती मातृभाषा नव्हती, म्हणून कुणा मोठ्या समाजाची मक्तेदारीही नव्हती. माझ्या मते तो समतेचा करार होता. माध्यमांतलं हे इंग्रजी तीच पायरी मागच्या दाराने परत आणतं.

पुरावा हवा? 2013 साली तिथे एका गृहस्थाची चित्रफीत गाजली. जडजंबाळ पंडिती शब्द, त्यात मोडकं इंग्रजी. सारा देश हसला. ‘जाकसेल’लाही लोक हसले, पण त्या हसण्यात थोडा हेवा होता, या माणसाच्या वाट्याला निव्वळ तुच्छता आली. सरमिसळ दोघांचीही. फरक शाळेच्या फीचा!

2009च्या 24 क्रमांकाच्या कायद्याने माध्यमांतल्या माहितीसाठी इंडोनेशियन बंधनकारक केली. विशेष हेतू असेल तर इतर भाषांना मुभाही ठेवली. ठीक आहे. पण कायद्याने पाट्या बदलतात, प्रतिष्ठेची ओढ बदलत नाही.

म्हणून माध्यमांच्या भाषेला लावायची कसोटी वेगळी हवी. शब्द कुठून आला, हे विचारू नका. दूर आंबोनमध्ये बसलेल्या श्रोत्याला तो ऐकून आपण उंबऱ्याबाहेर उभे आहोत असं वाटतं का, हे विचारा. वाटत असेल, तर करार मोडला. मग शब्द इंग्रजी असो, अरबी असो की संस्कृत. आपल्या मराठी वाहिन्यांनाही हीच कसोटी लावून बघा, आणि संस्कृत हा शब्द तेव्हा विसरू नका.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.