नदी कोणाची बुडते?

जॉन बूरमनच्या 'डिलिव्हरन्स' (१९७२) या सिनेमात चार शहरी मित्र छोट्या होड्यांतून एक डोंगरी नदी उतरायला निघतात, कारण लवकरच धरण तिला गिळणार असतं. हा सिनेमा बहुतेक वेळा माणसातल्या हिंसेची गोष्ट म्हणून वाचला जातो. पालीत राहणाऱ्या मला मात्र त्यातलं धरण जास्त खटकतं.

इथून जवळच, कोलाडला, कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. मी सॉफ्टवेअरवाला, इनपुट कुठून येतं हे तपासायची सवय. हे खळाळतं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं आणि तिथे ते मुळशी धरणातून येतं. मुळा खरं तर पूर्ववाहिनी, भीमेकडे जाणारी. तिला अडवून पश्चिमेला, कोकणात उतरवलं. त्यात मावळातली गावं गेली. १९२१ साली सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नावाने ओळखला जाणारा मुळशी सत्याग्रह त्यांच्यासाठीच होता.

बूरमन शेवटाकडे कबरी हलवताना दाखवतो. पण ज्यांचं खोरं बुडणार ती जिवंत माणसं त्याच्या पडद्यावर बहुतेक भीती घालायलाच येतात. थरार पाहुण्यांचा, नुकसान गावकऱ्यांचं. सिनेमाचं हे अपयश कोलाडच्या लाटेवर बसल्यावर नीट कळतं.