अर्धा मनोरा

जुन्या गोव्याच्या टेकडीवर संत ऑगस्टिनच्या चर्चचा अर्धा मनोरा उभा आहे. त्याच्यावर लिहिणारा बहुधा ‘काळाच्या उदरात गडप झालेले वैभव’ असे काहीतरी लिहून मोकळा होतो. मीही कादंबऱ्या लिहितो, आणि असली वाक्ये मीही लिहिली आहेत. तरी हे वाक्य खोटे आहे, असे म्हणणे मला भाग आहे. १६०२ साली पुरे झालेले हे चर्च १८३५ साली, धर्मसंघांना गोव्यातून घालवून दिल्यावर, धन्यावाचून राहिले. आमच्या खानदेशात धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते. एक साल चुकले की पाणी भिंतीत उतरते. येथे तर जांभा दगड, आणि पाऊस गोव्याचा! १८४२ साली कमानदार छत बसले. १९३१ साली दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा कोसळला.

त्याच १९३१ च्या ५ डिसेंबरला मॉस्कोच्या मध्यभागी असलेले ख्रिस्त तारणहाराचे ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल स्टालिनच्या राजवटीने सुरुंग लावून उडवले. तेथे सोव्हिएतांचा प्रासाद व्हायचा होता. झाला पोहण्याचा तलाव! पुढे २००० सालापर्यंत लोकांनी कॅथीड्रल पुन्हा उभारले. तेथे पाडणारा हात दिसत होता. गोव्यात तो दिसत नाही, म्हणून कोणाला रागही येत नाही, आणि आम्ही लेखक काळाला दोष देऊन सुटतो.

खरी कादंबरी ह्याच भिंतींत होती. जॉर्जियाची ऑर्थोडॉक्स राणी केतेवान हिने धर्म सोडला नाही, म्हणून शहा अब्बासने १६२४ साली शिराझला तिचे हाल करून तिला मारविले. पंथ वेगळा असूनही ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिच्या अस्थी १६२७ साली गोव्यात आणून येथे ठेवल्या. त्या कोणत्या खिडकीपाशी ठेवल्या, हे कोणीतरी साध्या शब्दांत लिहून ठेवले होते. त्या आधारे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. मिळालेल्या हाडाची तपासणी हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी केली, तेव्हा भारतात न सापडणारा, जॉर्जियात आढळणारा मातृवंश निघाला. २०२१ साली त्या अस्थींचा अंश जॉर्जियाच्या स्वाधीन झाला. आमच्या अलंकारिक वर्णनांवरून कोणाला एक हाडूक तरी सापडले असते काय?

घंटा मात्र शाबूत आहे. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चवर आहे. टेकडीवर जाणाऱ्याने आधी ती ऐकून जावे.