न्यूफाउंडलंडचीं दर्यागीतें व त्यांतील पाठभेद

कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्स येथें १९९३ सालीं निघालेल्या ‘ग्रेट बिग सी’ या वाद्यवृंदानें तेथील जुन्या दर्यागीतांस रॉक संगीताची जोड दिली. आदल्याच वर्षीं सरकारनें तेथील कॉड माशांच्या मोठ्या व्यापारी मासेमारीस बंदी घातली होती. धंदा बसला कीं त्याचीं गाणींहि विसरूं लागतात. म्हणून हा उद्योग स्तुत्यच होय. १९९८ सालीं आयर्लंडच्या ‘चीफटन्स’ मंडळींनीं कॅनडाच्या गायकवादकांशीं स्नेह जोडून जो ‘फायर इन द किचन’ संग्रह काढला, त्यांतहि हा वृंद सामील होता.

तथापि संशोधकानें या ध्वनिमुद्रिका जपूनच वापराव्या. १९९७ च्या ‘प्ले’मध्यें वाद्यांवांचून गायिलेलें ‘जनरल टेलर’ हें खलाशांचें श्रमगीत पाहा. १८४७ सालीं ब्वेना व्हिस्टा येथें मेक्सिकोचा सांता आना मागें हटला व अमेरिकन सेनापति टेलर यानें मैदान राखलें. वृंदाच्या पाठांत जय टेलरचा आहे. पुष्कळ खलाशांच्या तोंडच्या दुसऱ्या पाठांत तो सांता आनाचा आहे. पहिला पाठ इतिहासाशीं जुळतो, एवढ्यावरून तो मूळचा ठरत नाहीं. बखरींच्या नकलांतहि मागाहून सुधारलेला मजकूरच कित्येकदां अधिक सुसंगत दिसतो.

यास्तव ग्रीनलीफ व मॅन्सफील्ड यांनीं १९३३ सालीं छापलेला न्यूफाउंडलंडच्या गीतांचा संग्रह जवळ ठेवून हीं गाणीं ऐकावीं. वृंदानें गीतें लोकांच्या तोंडीं राखलीं. पाठ ताडून पाहणें हें संशोधकाचें काम आहे.