गळतं सील आणि व्यवस्थित आकडे: आर्गोवरचा एक पेपर

पाण्याखालच्या उपकरणाचं सील म्हटलं की आपल्याला ओ-रिंग आठवते. खोबण पुसा, केस किंवा वाळूचा कण राहिलाय का बघा, ग्रीसचा पातळ हात द्या, मग झाकण बसवा. यात चूक झाली तर पाणी आत शिरतं, सर्किट मरतं आणि तुम्हाला लगेच कळतं. आज ज्या पेपरबद्दल सांगतोय, त्याच्या मुळाशी मात्र उलटा प्रकार आहे. सील गळतंय, आणि उपकरण निवांत आकडे पाठवतंय.

पेपर आहे पॉल बार्कर, जेफ डन, कॅटिया डोमिंग्युस आणि सुझन वायफल्स यांचा. 2011 साली 'जर्नल ऑफ ॲटमॉस्फेरिक अँड ओशनिक टेक्नॉलॉजी'मध्ये आला. विषय, आर्गो फ्लोटच्या दाबमापकांतला ड्रिफ्ट.

आर्गो फ्लोट एकदा समुद्रात सोडला की सहसा परत हाती लागत नाही. साधारण 1000 मीटरवर तो वाहत राहतो, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान, क्षारता मोजतो. खोली तो मोजतच नाही. मोजतो दाब, त्यावरून खोली आपण काढतो. दाबमापकात धातूचा पातळ पडदा, त्यामागे तेल, आणि तेलामागे खरा सेन्सर. हे तेल कोंडून ठेवणारं काच-धातूचं सील काही दाबमापकांत सदोष निघालं. 2009 मध्ये हा दोष चर्चेत आला. तेल झिरपलं की दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे 105 मीटरवरचं थंड पाणी 100 मीटरवरचं म्हणून नोंदलं जातं. समजा तिथे तापमान मीटरमागे 0.1 अंशाने उतरतंय, तर थेट अर्ध्या अंशाची चूक! आणि याच आकड्यांवरून समुद्रात किती उष्णता साठतेय हे ठरतं.

यावर उपाय सोपा वाटतो. फ्लोट पृष्ठभागावर आला की दाब शून्य दिसायला हवा. नसेल तर तेवढा फरक वजा करायचा. इतर फ्लोट हे आपणहून करतात. एपेक्स जातीचे करत नाहीत, आणि त्या वेळी सुमारे 62 टक्के फ्लोट एपेक्सच होते. त्यातल्या अनेकांचं फर्मवेअर पृष्ठभागावरचा ऋण आकडा शून्य करून पाठवायचं. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). गळती आकडा ऋण दिशेला ढकलते, आणि फर्मवेअर नेमकी तीच दिशा पुसून टाकतं.

एपेक्सच्या 57 टक्केच प्रोफाइल दुरुस्त करता येतात, असा लेखकांचा हिशोब. उरलेल्या 43 टक्क्यांपैकी साधारण निम्म्या तांत्रिक माहिती मिळाली तर वाचतील, बाकीच्या नाहीत. अशा दुरुस्त न होणाऱ्या प्रोफाइल हवामानबदलाच्या अभ्यासातून वगळाच, असं ते स्पष्ट लिहितात. एवढा महागडा डेटा फेकायला सांगायला हिंमत लागते. पेपर मला आवडतो तो यासाठी.

तक्रारी दोन आहेत. पहिली सारांशाबद्दल. जागतिक सरासरीत दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना बऱ्याच खोडतात, असं त्यात म्हटलंय. विधान प्रामाणिक आहे, पण घाईत वाचणारा तेवढंच उचलतो आणि निर्धास्त होतो. प्रादेशिक चुका लक्षणीय आहेत हे त्याच सारांशात आधी आलंय, ते विसरतो. तुम्ही अरबी समुद्रावर काम करणार असाल, तर जागतिक सरासरीतली वजाबाकी तुमच्या काय कामाची?

दुसरी तक्रार शब्दाची. सारांशात 'गळती' कुठेच नाही, सगळीकडे ड्रिफ्ट. फार सभ्य शब्द आहे हा. ड्रिफ्ट म्हटलं की वाटतं, यंत्र म्हातारं झालं, चालायचंच. गळती म्हटलं की आपण विचारतो, कुठून? कुणी जोडलं होतं? नवीन विद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारायला हवा, आणि सारांश वाचून तो सुचत नाही.

हैदराबादच्या इन्कॉइसकडून किंवा आणखी कुठून आर्गोच्या फाइल घ्याल, तेव्हा कच्च्या दाबाचा रकाना न उचलता 'प्रेस ॲडजस्टेड' घ्या, आणि त्याचे गुणवत्ता-झेंडे वाचा. तुमच्या लॅबचं सीटीडी वापरत असाल, तर ओ-रिंग बघालच. शिवाय प्रत्येक फेरीआधी आणि नंतर डेकवर, हवेत, दाब किती दिसतो ते वहीत लिहा. आतलं सील तुम्हाला उघडून बघता येणार नाही, पण तो आकडा हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर या वहीत दिसेल.