लोतारेची बाग काय शिकवते?

फ्रान्समधील आल्प्स पर्वतात सुमारे २,१०० मीटर उंचीवर लोतारे नावाची खिंड आहे. तेथे ग्रनोबल विद्यापीठाची एक वनस्पती-बाग आहे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जाँ-पॉल लाकमान यांच्या पुढाकाराने ती १८९९ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ती उजाड झाली, आणि १९५० नंतर पुन्हा उभी राहिली. जागा जेमतेम दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. पण तेवढ्यात जगभरच्या पर्वतांवरील दोन हजारांहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. वर्षातले बरेच महिने त्या बर्फाखाली असतात. लोकांसाठी बाग उघडते ती जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

बागेच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण तिच्याकडे शिक्षकाच्या नजरेने पाहू. ही बाग पाहणाऱ्याला काय शिकवते, आणि काय शिकवू शकत नाही?

पर्वत चढत गेले की एका उंचीनंतर झाडे संपतात. या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. तिच्या वर वाढणाऱ्या लहानखुऱ्या वनस्पतींना अल्पाइन वनस्पती हे नाव आहे. युरोपातील बहुतेक विद्यापीठांच्या बागा सखल भागात आहेत. तेथे या वनस्पतींसाठी दगडांचे वाफे रचावे लागतात आणि अनेक जातींवर हिवाळ्यात काचेचे छप्पर घालावे लागते. हे छप्पर थंडीसाठी नसते, ओलाव्यासाठी असते. मूळ ठिकाणी या वनस्पती बर्फाच्या जाड थराखाली हिवाळा काढतात. तो थर पांघरुणाचे काम करतो आणि त्याखाली त्या बऱ्यापैकी कोरड्या राहतात. सखल भागातल्या हिवाळी पावसात त्या कुजतात. लोतारेला बर्फाचे पांघरूण आपोआप मिळते. ही त्या बागेची पहिली जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तिची मांडणी. वाफे भूगोलानुसार लावलेले आहेत. हिमालयाचे वेगळे, कॉकेशसचे वेगळे, रॉकी पर्वताचे वेगळे. या मांडणीतून काही गोष्टी छान कळतात. एडलवाइस हे पांढरे, लवदार फूल आल्प्सचे चिन्ह मानले जाते. तिथल्या नाण्यांवरही ते आले आहे. पण त्याचे बहुतेक भाऊबंद आल्प्समध्ये नाहीत, ते हिमालयात आणि चीनच्या पर्वतांत आहेत. आल्प्सचे म्हणून मिरवले जाणारे फूल आशियातल्या मोठ्या कुटुंबाची पश्चिमेकडची एक शाखा आहे. वनस्पती कुठून कुठे पसरल्या हा प्रश्न भौगोलिक मांडणी आपल्यासमोर नेमका ठेवते.

पण याच मांडणीमुळे दुसरा एक धडा विखुरला जातो. उंच पर्वतांवर काही वनस्पती जमिनीला चिकटून, दाट, गोल गादीसारख्या वाढतात. आल्प्समध्ये असा आकार कार्नेशनच्या कुलातील सायलीनी अकॉलिस घेते आणि प्रिम्युलाच्या कुलातील काही अँड्रोसेसी जातीही घेतात. अँडीजमध्ये तोच आकार कोथिंबिरीच्या कुलातील अझोरेला घेते, तर न्यूझीलंडमध्ये सूर्यफुलाच्या कुलातील राउलिया. फुले जवळून पाहिली नाहीत, तर ही सगळी एकाच घरची वाटावीत. प्रत्यक्षात त्यांचे नाते फार दूरचे आहे.

असे का व्हावे? दर हजार मीटर चढले की हवेचे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. पण दाट गादीच्या आत वारा शिरत नाही, त्यामुळे उन्हाची ऊब तेथे साठून राहते. निरभ्र दिवशी गादीचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त भरू शकते. वाळलेली पाने आतच राहून कुजतात आणि वनस्पती स्वतःची माती स्वतः तयार करते. सारख्या अडचणीला वेगवेगळ्या कुलांनी स्वतंत्रपणे शोधलेले हे सारखेच उत्तर आहे. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. आल्प्स, अँडीज आणि न्यूझीलंडच्या गाद्या एका वाफ्यात शेजारी लावल्या, तर शाळकरी मुलालाही हे मिनिटभरात दिसेल. भूगोलाच्या मांडणीत मात्र त्याला एक आकार ध्यानात ठेवून दुसऱ्या खंडाच्या वाफ्यापर्यंत चालत जावे लागते. एवढी एक जोड बागेला देता येण्यासारखी आहे.

यापुढची उणीव मात्र वाफे हलवून भरून येणार नाही. एडलवाइसची लव घ्या. २००५ साली बेल्जियममधील संशोधकांनी दाखवले, की या केसांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे अतिनील किरण शोषले जातात. पण हेच रोप खालच्या सुपीक मातीत उंच होते आणि त्याची लव विरळ होते, असा माळ्यांचा अनुभव आहे. मग या रूपातला किती भाग रोपाचा स्वतःचा, म्हणजे आनुवंशिक, आणि किती भाग जागेचा? रोप एकाच उंचीवर पाहून हे सांगता येत नाही, मग ती बाग कितीही सुंदर असो.

हा प्रश्न जुना आहे. इन्सब्रुक विद्यापीठाचे अँटोन केर्नर यांनी १८७५ पासून टिरोलमधील ब्लाझर पर्वतावर २,१९५ मीटर उंचीवर एक प्रायोगिक बाग चालवली. एकाच जातीचे बी ते वर आणि खाली, दोन्हीकडे पेरत. वरची रोपे खुजी झाली, काहींची फुले अधिक गडद झाली. पण वरच्या रोपांचे बी खाली पेरल्यावर पहिलेच रूप परत आले. हा बदल आनुवंशिक नव्हता. पुढे फ्रान्समध्ये गास्ताँ बोनिए यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या उंचींवर लावले, आणि सखल भागातील काही जातींचे पर्वतीय जातींत रूपांतर झाल्याचा दावा केला. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हायसी यांनी ३०, १,४०० आणि ३,०५० मीटर उंचींवर तशीच लागवड केली. त्यांचे निष्कर्ष १९४० साली प्रसिद्ध झाले. रोपे कमीजास्त वाढली, पण एका जातीची दुसरी झाली नाही. उंचावरचे वाण खाली आणले तरी ठेंगणेच राहिले. बोनिएंच्या वाफ्यांत आसपासची रानरोपे शिरली असावीत, असा संशय त्यातून बळावला. नोंद आणि निगा ढिली असेल तर बाग चुकीचे उत्तरही देते.

आज हा प्रश्न निकडीचा झाला आहे. युरोपातील ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जाती येण्याचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या दशकाच्या पाचपट होता, आणि त्याचा संबंध तापमानवाढीशी दिसला. खालच्या जाती वर येत आहेत. आधीपासून वर असणाऱ्यांना आणखी वर जायला जागा नाही. त्या जागच्या जागी किती बदलू शकतील? लोतारेच्या परिसरातच २०१६ साली संशोधकांनी कुरणाचे तुकडे मातीसकट उचलून, सुमारे ५०० मीटर उंचीचा फरक असलेल्या दोन ठिकाणी त्यांची अदलाबदल केली. वरचे कुरण खाली आणणे म्हणजे त्याला सुमारे तीन अंश अधिक उष्ण हवा देणे. बाग जे विचारू शकत नाही, ते हा प्रयोग विचारतो. माझ्या मते बाग पाहून निघालेल्या प्रत्येकाला या प्रयोगाची ओळख व्हायला हवी. तो बागेचाच उरलेला अर्धा भाग आहे.

आपल्या शाळांच्या बागांना हीच टीका लागू पडते. तेथे नावांच्या पाट्या असतात, प्रश्न नसतात. त्यासाठी पर्वत लागत नाही. पानफुटीचे एक पान घ्या. त्याच्या कडेला फुटलेल्या रोपांची आनुवंशिकता एकच असते. निम्मी रोपे उन्हात लावा, निम्मी सावलीत. माती आणि पाणी सारखे ठेवा. तीन महिन्यांनी पानांची लांबी, जाडी आणि रंग मुलांना नोंदवू द्या. मग सावलीतल्या रोपाच्या पानापासून नवी रोपे करून ती उन्हात वाढवा. सावलीचे रूप टिकते की जाते? केर्नर यांनी विचारला तोच हा प्रश्न आहे. निकाल काय लागेल ते आधी सांगू नका. मुलांकडून अंदाज लिहून घ्या.