पुण्यातील ऐतिहासिक बागांचे जतन आणि पेशवे दप्तर : एक चिकित्सा

प्रस्तावना

तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, हिराबाग, रमणबाग ही नावे पुणेकरांच्या नित्य बोलण्यातली आहेत. परंतु त्या ठिकाणी आज बाग शोधू गेल्यास ती सहसा सापडत नाही. तुळशीबाग म्हटले की राममंदिर व बाजारपेठ, रमणबाग म्हटले की शाळा आठवते. नाव टिकले आणि वस्तू गेली, याचे कारण केवळ शहराच्या वाढीत शोधणे अपुरे आहे. या बागांविषयीची कागदपत्रे कोणत्या हेतूने सांभाळली गेली, कोणत्या दृष्टीने निवडली गेली आणि जतनाच्या विचारात त्यांना कोणते स्थान मिळाले, याची चिकित्सा येथे केली आहे.

दप्तराचा हेतू आणि निवड

पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागाराच्या 1891 साली बांधलेल्या इमारतीत आहे. 1818 नंतर इंग्रजांनी ते सांभाळले, त्यामागे इतिहासप्रेमापेक्षा प्रशासनाची गरज मोठी होती. जमीनमहसूल ठरविण्यासाठी आणि 1852 च्या कायद्यान्वये चाललेल्या इनाम चौकशीसाठी हे कागद पुरावा म्हणून हवे होते. त्यामुळे रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशा विभागांत बाग शोधावी लागते ती जमीन, पाणी, नेमणूक आणि खर्च या बाबींखाली. बागेचे सौंदर्यवर्णन येथे अपेक्षिणे चूक ठरेल. तथापि बाग कशावर जगत होती, हे सांगण्याची क्षमता अशाच कोरड्या नोंदींत असते.

ही क्षमता न्यायमूर्ती रानडे यांनी ओळखली होती. बखरींतून न दिसणारे लोकजीवन पेशव्यांच्या रोजनिशांतून दिसते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतील उतारे विषयवार लावून त्या विचाराला आधार दिला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात निवडक पेशवे दप्तराचे 45 खंड प्रसिद्ध झाले. काही खंड खाजगी व सामाजिक बाबींना दिले असले, तरी निवडीचा मुख्य भर राजकीय पत्रव्यवहारावर राहिला. त्या काळाची ती गरज होती, हे मान्य करावे लागते. मात्र पुढील अभ्यासकांनी छापील निवडीलाच संपूर्ण दप्तर मानले, तर तो दोष संपादकांचा नव्हे. मोडी वाचणारे हात कमी झाल्याने ही मर्यादा अधिक घट्ट झाली.

सारसबागेचे उदाहरण

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करविले. तळ्यातील बेटावर सारसबाग होती व तेथे सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, 1784 साली, गणपतीची स्थापना झाली. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव आजही चालते. तळे मात्र विसाव्या शतकात बुजविले गेले. मंदिर राहिले, पाणी गेले. शेजारी 1953 साली पेशवे पार्क झाले आणि तेथील प्राणिसंग्रहालय पुढे कात्रज येथे गेले. आज हजारो सामान्य नागरिक जेथे विसावतात ती सारसबाग नगरपालनाची देणगी आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, जतन म्हणजे नेमके कशाचे जतन?

वास्तूचे जतन करणारे कायदे वाडा, देऊळ, किल्ला यांना ओळखतात. वृक्षांसाठी 1975 चा स्वतंत्र कायदा आहे. पाणी, माती, लागवड आणि वास्तू यांचा एकत्र विचार या दोहोंच्या मधल्या फटीत हरवतो. ऐतिहासिक बागांविषयीच्या 1981 च्या फ्लॉरेन्स सनदेने बागेला सजीव स्मारक मानले आणि सखोल संशोधनाशिवाय पुनर्स्थापना करू नये, असे सांगितले. गणेशखिंड येथील 1873 साली सुरू झालेल्या वनस्पती उद्यानाला 2020 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु तो दर्जा वनस्पतींच्या अंगाने मिळालेला आहे. पेशवेकालीन बागांकडे वनस्पती आणि अभिलेख अशा दोन्ही अंगांनी पाहावे लागेल.

आजचे कागद

यातील विरोधाभास लक्षणीय आहे. अठराव्या शतकातील किरकोळ खर्चाची नोंद आज अमूल्य साधन ठरते. आजच्या कार्यालयीन पद्धतीत मात्र ‘अ’ वर्गाचे कागद कायम राहतात व ‘ड’ वर्गाचे अल्पावधीत नष्ट होतात. उद्यानातील रोपांच्या याद्या, पाण्याच्या नळांचे आराखडे, मजुरीचे तक्ते अल्पकालीन वर्गांत गेले, तर दोनशे वर्षांनंतरच्या अभ्यासकाला 1784 च्या बागेविषयी जेवढे कळेल, तेवढेही आजच्या बागेविषयी कळणार नाही.

निष्कर्ष

दप्तरावरून जुनी बाग जशीच्या तशी उभी करण्याचा आग्रह धरणे अनैतिहासिक ठरेल. तळे, मंदिर, पार्क हे सारे थर इतिहासाचेच आहेत. परंतु कोणता थर ठेवावा व कोणता बदलावा, हा निर्णय कागद वाचून घेतला पाहिजे. त्यासाठी बागांशी संबंधित मोडी नोंदींची स्वतंत्र सूची आणि उद्यान विभागांच्या कागदांना कायम वर्ग, या दोन गोष्टी महाविद्यालयीन इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोग्या आहेत.