शोध, स्वामित्व आणि बियाणे : ‘नांदेड-४४’च्या निमित्ताने एक परीक्षण

विद्यापीठात लागलेल्या शोधाचे पेटंट घ्यावे, ते उद्योजकास विकावे आणि त्या उत्पन्नातून पुढील संशोधन चालवावे, हे सूत्र अलीकडे उच्चशिक्षणाच्या क्षेत्रात जवळजवळ निर्विवाद मानले जाऊ लागले आहे. अमेरिकेत १९८० साली झालेल्या बे-डोल कायद्याने सार्वजनिक खर्चाने लागलेल्या शोधांचे स्वामित्व विद्यापीठांना घेता येऊ लागले. त्याच धर्तीचे एक विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले; ते संमत झाले नाही व २०१४ साली मागे घेण्यात आले. विधेयक गेले, परंतु त्यामागील विचार मात्र राहिला. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळू लागली, आणि पेटंटांची संख्या हे संस्थेच्या योग्यतेचे एक माप बनले. संरक्षण म्हणजे पेटंट आणि पेटंट म्हणजे बाजारपेठ, असे दुहेरी समीकरण या विचाराच्या मुळाशी आहे. ते कितपत टिकते हे तपासण्यास तत्त्वचर्चेपेक्षा एखादे शेत अधिक उपयोगी पडावे.

असे शेत यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात सापडते. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ व पलीकडे नांदेड-हिंगोलीचा मराठवाडा. कृषिसंशोधनाच्या दृष्टीने अलीकडचा प्रदेश १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा, तर पलीकडचा १९७२ च्या परभणीच्या विद्यापीठाचा. परंतु बियाणे नदी ओलांडताना विद्यापीठाची हद्द विचारीत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात तयार झालेले ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘नांदेड-४४’, मराठवाड्याबरोबर विदर्भाच्या कोरडवाहू रानांतही पसरले. रसशोषक किडींना तोंड देण्याची शक्ती आणि पावसाने ओढ दिल्यावरही पुन्हा फुटवा धरण्याचा गुण, ही त्याच्या लोकप्रियतेची कारणे होत.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा प्रसार झाला तेव्हा वनस्पतिवाणांचे संरक्षण करणारा कायदाच भारतात नव्हता. तो २००१ साली आला. १९७० च्या पेटंट कायद्यानेही वाणास संरक्षण दिले नव्हते. म्हणजे विद्यापीठाचा एक शोध कोणत्याही कायदेशीर मक्त्यावाचून बाजारात गेला व टिकला. मात्र तो अगदी असंरक्षित होता असेही म्हणता येणार नाही. संकरित वाणाचे गुण पुढील पिढीत विस्कटतात. त्यामुळे शेतकऱ्यास दरवर्षी नवे बी घ्यावे लागते, आणि ज्याच्याजवळ मूळचे नर-मादी वाण असतील तोच ते बी निर्माण करू शकतो. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व नाममुद्रेवाचून विकण्याचाही हक्क दिला आहे. परंतु कायदा जे देतो ते संकराचा जीवशास्त्रीय स्वभाव बव्हंशी काढून घेतो. तेव्हा सरळ वाण काढावे की संकरित, हा प्रश्न केवळ पैदासशास्त्राचा राहत नाही. स्वामित्वाचा निर्णय प्रयोगक्षेत्रावरच होऊन चुकलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मार्च २००२ मध्ये बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना भारतात परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच बहुतेक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. नांदेड-४४ मध्ये हे जनुक नसल्यामुळे ते मागे पडले. येथे सामान्य समजूत अशी की, परदेशी कंपनीने पेटंटाच्या बळावर बाजार जिंकला. वस्तुस्थिती निराळी आहे. मॉन्सॅन्टो कंपनीच्या ‘मॉन-५३१’ या पहिल्या पिढीतील जनुकीय घटकास भारतात पेटंट नव्हते. बियाणे कंपन्यांशी केलेले करार, नियामक परवानगीसाठी जमविलेली माहिती आणि संकरित वाणांचे माध्यम, या तीन गोष्टींनी ते काम केले. उलट, दुसऱ्या पिढीच्या तंत्रज्ञानाचे पेटंट कंपनीजवळ होते, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशाकडे सोपविले. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो दरनियंत्रणाचा आदेश. २०१६ साली ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये व तीत तंत्रज्ञानशुल्क ४९ रुपये ठरविण्यात आले. २०२० साली ते शुल्क शून्यावर आले. पेटंटावाचून शुल्क मिळाले आणि पेटंट असतानाही त्यावर मर्यादा आली. समीकरणाच्या दोन्ही बाजू याप्रमाणे ढासळतात.

आता सार्वजनिक संशोधनाने याला दिलेल्या उत्तराकडे वळणे प्राप्त आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने, धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ व नवी दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र यांच्या सहकार्याने, ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण व ‘एनएचएच-४४ बीटी’ हे संकरित वाण पुढे आणले. २००९ च्या हंगामात बी विक्रीस आले. सरळ वाणाचे बी शेतकऱ्यास घरी राखता आले असते. या उपक्रमाचे खरे महत्त्व तेथे होते. पण त्याच वर्षी विक्री थांबवावी लागली. स्वतंत्र म्हणून जाहीर केलेल्या या वाणांत मॉन्सॅन्टोचाच ‘मॉन-५३१’ हा घटक आढळला. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली या प्रकरणाचा अहवाल दिला.

या अपयशाची मीमांसा करताना पेटंटाची उणीव दाखविणे व्यर्थ आहे. उणीव होती ती नोंदीची आणि पडताळणीची : कोणत्या रोपात कोणता घटक कोठून आला, प्रत्येक पिढीत त्याची शुद्धता कोणी तपासली, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने ती केव्हा मान्य केली. या प्रश्नांची उत्तरे बी शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी मिळावयास हवी होती. ज्याच्या उगमाची शाश्वती नाही त्याचे संरक्षण करावयाचे कसे? परिणामी खाजगी मक्त्याला पर्याय उभा राहण्याची संधी हातची गेली. परभणीच्या विद्यापीठाने पुढे महाबीजच्या साह्याने नांदेड-४४ चे बीटी रूप पुन्हा आणले. परंतु मधली वर्षे परत येत नाहीत. गुलाबी बोंडअळी तोवर बीटीला दाद देईनाशी झाली होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. या मृत्यूंचा दोष एका वाणाच्या अपयशावर टाकणे अतिव्याप्तीचे होईल. तथापि बियाणे, कीड आणि फवारणी यांची साखळी तुटली नाही म्हणजे किंमत कोण मोजतो, हे त्यावरून दिसते.

नोंदीचे हेच माहात्म्य दुसऱ्या एका प्रकरणातून उलट बाजूने सिद्ध होते. उमरखेडच्या शिवारात कापसाशेजारी हळदही होते. हळदीने जखम भरून येते या गुणावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. घराघरांतील आजीबाईंच्या अनुभवाने हा विजय मिळाला नाही. तो मिळाला संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निबंध यांसारख्या लिखित पुराव्यांनी. हळदीच्या बाबतीत नोंद होती म्हणून परक्याचा दावा पडला. कापसाच्या बाबतीत ती अपुरी पडली म्हणून आपलाच दावा पडला.

यावर एक आक्षेप संभवतो. अनन्य हक्कावाचून कोणता उद्योजक शोधावर भांडवल लावील? औषध अथवा यंत्र यांच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे, कारण तेथे शोधापासून वस्तूपर्यंतचा खर्च मोठा व जोखीम अधिक असते. अशा शोधांचे पेटंट विद्यापीठाने अवश्य घ्यावे. परंतु बियाण्याच्या क्षेत्रात १९७६ पासून महाबीजसारखी सार्वजनिक संस्था गुणनाचे व वितरणाचे काम करीत आली आहे. तेथे अनेकांना समान अटींवर दिलेला परवाना, त्यात घातलेली किमतीची मर्यादा आणि मूळ वाणांचा विद्यापीठाने स्वतःकडे राखलेला ताबा, ही साधने एका कंपनीस दिलेल्या मक्त्यापेक्षा अधिक फलदायी ठरतील. संरक्षणाचा प्रकार शोधाच्या स्वभावावरून ठरावा, विभागाच्या वार्षिक आकडेवारीवरून नव्हे.

पदव्युत्तर संशोधकाच्या दृष्टीने यातून निघणारा बोध अगदी व्यावहारिक आहे. प्रबंध ग्रंथालयात दाखल झाला किंवा निबंध छापला गेला की शोधाची नवीनता सामान्यतः संपते. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधास पेटंट कायद्याचे ३१ वे कलम बारा महिन्यांची सवलत देते, पण तिची मर्यादा अरुंद आहे. म्हणून अर्ज आधी व प्रकाशन नंतर, हा क्रम पाळावा. त्याहून आधीचा क्रम मात्र प्रयोगवहीचा : दिनांक, नमुन्याचा उगम, साक्षीदाराची सही आणि त्रयस्थाची तपासणी. ही वही कोणत्याही मूल्यमापनात मोजली जात नाही. तरीपण विद्यापीठाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटात तेच बी आहे की नाही, हे पैनगंगेकाठच्या शेतकऱ्यास सांगू शकेल असा पुरावा तिच्याखेरीज दुसरा नाही.